बंद पडलेल्या लॅपटॉपमधल्या फाइल्स दुसऱ्या संगणकावर कशा काढायच्या

लॅपटॉप ‘गेला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण जातं ते बहुतेक वेळा त्यातलं एखादंच अंग. स्क्रीन फुटते, चार्जिंगचं सॉकेट सैल होतं, मदरबोर्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग जळतो, किंवा नुसतं विंडोज बिघडतं. फाइल्स यांपैकी कशातच नसतात. त्या असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपच्या डिस्कवर), आणि ती शाबूत असेल तर बाकीचा सांगाडा भंगारात गेला तरी त्या दुसऱ्या संगणकावर वाचता येतात. घोडं पेंड खातं ते दोन ठिकाणी: एक तर डिस्कच दुखावलेली असते, नाहीतर डिस्क उत्तम असते पण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली असते आणि तिची ‘की’, म्हणजे किल्ली, कुणाकडेच नसते. दुसरी अडचण पहिलीपेक्षा वाईट. दुखावलेल्या डिस्कवर निदान इलाज तरी असतो.

बिघडलेला लॅपटॉप दुसऱ्या संगणकाला जोडायचा म्हणजे त्यातली डिस्क जोडायची. दोन्ही टोकांना सारखीच चपटी पिन असलेली यूएसबी केबल घेऊन दोन लॅपटॉप एकमेकांना लावणं हा अनेकांचा पहिला प्रयोग असतो. तो करू नये. यूएसबीच्या जोडणीत एक बाजू हुकूम देणारी आणि दुसरी ऐकणारी असावी लागते. इथे दोन्ही हुकूम देणारेच. त्यामुळे डेटा तर जात नाहीच, वर दोन्हीकडून 5 व्होल्ट आल्यामुळे पोर्ट जळू शकतो. मध्ये चिप असलेली ट्रान्स्फर केबल मिळते, पण ती चालायला दोन्ही संगणक नीट सुरू झालेले लागतात. तसं असतं तर हा लेख वाचायची वेळच आली नसती.

डिस्क न काढता भागतंय का

स्क्रीन काळी, पण पंखा फिरतोय आणि कीबोर्डचा दिवा लागतोय, अशा वेळी एचडीएमआय केबलने मॉनिटर किंवा टीव्ही लावून पाहावा. चित्र आपोआप आलं नाही तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून बाहेरच्या स्क्रीनचा पर्याय निवडता येतो. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनकडे पाहिलं आणि अक्षरं पुसट दिसली, तर फक्त मागचा प्रकाश गेलाय, बाकी सगळं चालू आहे. कीबोर्ड मेला असेल तर यूएसबी कीबोर्ड लावावा. अशा लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडून सरळ कॉपी करायचं आणि मोकळं व्हायचं.

विंडोज सुरू होत नाही पण यंत्र ठीक आहे, अशा वेळी 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीच्या आवृत्त्या) तयार करून लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो. कंपनीप्रमाणे एफ12, एफ9 किंवा एस्केप दाबल्यावर कशावरून सुरू व्हायचं ते विचारलं जातं. तिथे लिनक्स इन्स्टॉल न करता नुसतं वापरून पाहण्याचा पर्याय घ्यायचा. इन्स्टॉलवर बोट पडलं आणि पुढच्या प्रश्नांना हो हो म्हणत गेलात, तर जुनी डिस्क पुसली जाते. लिनक्सचा इथे एक मोठा फायदा आहे: विंडोजने फोल्डरांवर लावलेल्या परवानग्या ते मोजत नाही, त्यामुळे फाइल्स लगेच उघडतात. विंडोज अर्धवट झोपेत बंद पडलं असेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरतीच उघडतं. आपल्याला तेवढंच हवं असतं.

लिनक्सची सवय नसेल तर विंडोज इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून, भाषा विचारणाऱ्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ10 दाबावं. काळी खिडकी उघडते. तिथे नोटपॅड असं टाइप करून एंटर मारलं की नोटपॅड येतं, आणि त्याच्या ‘ओपन’च्या चौकटीत डिस्कवरचे सगळे फोल्डर दिसतात. फाइल प्रकारात ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, राइट क्लिक करून कॉपी, मग बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, सी म्हणून दिसेल ते भलतंच पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) असेल, तेव्हा आत डोकावून खात्री करावी. कॉपीची प्रगती दाखवणारी पट्टी येत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते पण काम चाललेलं असतं. म्हणून एका वेळी एकच फोल्डर घ्यावा.

डिस्कमधून टकटक असा ठेका येत असेल किंवा लॅपटॉपवर पाणी सांडलं असेल, तर यातलं काहीही करू नये. त्याबद्दल पुढे.

स्क्रू ड्रायव्हरच्या आधी की

आजचे बरेच विंडोज लॅपटॉप, होम आवृत्तीचेसुद्धा, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात. मालकाला याचा पत्ताही नसतो, कारण की मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते आणि रोज सकाळी ती गुपचूप कुलूप उघडून देते. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की ती चिप सोबत नसते, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हे कुलूप, 48 आकडी रिकव्हरी की मागतो: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. लॉगिनचा पासवर्ड किंवा पिन इथे चालत नाही.

की मिळण्याची जागा म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसेसच्या पानावर. मोबाइलवरूनही तिथे जाता येतं. एकाच खात्यावर दोन-तीन संगणक असतील तर कुलपाच्या पडद्यावर दिसणारा की आयडी ताडून पाहायचा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर की तिथल्या आयटी विभागाकडे असते. घरातल्या लॅपटॉपच्या बाबतीत तो पहिल्यांदा कुणाच्या खात्याने सुरू केला होता हे आठवावं; मुलाचा लॅपटॉप आणि की वडिलांच्या खात्यात, असं सर्रास आढळतं. की हातात असेल तर होम आवृत्तीचा संगणकही बिटलॉकरची डिस्क उघडतो.

की कुठेच सापडली नाही तर कोणतंही सॉफ्टवेअर किंवा डेटा परत मिळवणारी कितीही मोठी लॅब ते कुलूप फोडू शकत नाही. मग एकच वाट उरते: मूळ मदरबोर्ड दुरुस्त करून त्याच बोर्डावर, त्याच टीपीएमसह डिस्क सुरू करणं. म्हणून की हाती येईपर्यंत ‘मेलेला’ बोर्ड टाकून देऊ नये आणि दुकानदाराला बदलूनही घेऊ देऊ नये.

मॅकची गोष्ट निराळी. टी2 चिप असलेल्या इंटेल मॅकबुकमध्ये आणि त्यानंतरच्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या सगळ्या मॅकबुकमध्ये साठवणुकीच्या चिप बोर्डालाच चिकटलेल्या असतात आणि त्यांचं एन्क्रिप्शन त्या मुख्य चिपशी बांधलेलं असतं. काढून दुसरीकडे लावायला तिथे काही नसतंच. मात्र अशा यंत्रात जीव असेल, तर ते अख्खंच्या अख्खं दुसऱ्या मॅकला जोडता येतं. इंटेल मॅक सुरू करताना टी बटण दाबून धरलं की तो बाहेरच्या डिस्कसारखा वागतो. अ‍ॅपल चिपच्या मॅकवर पॉवरचं बटण दाबून धरून ‘ऑप्शन्स’मध्ये जायचं आणि ‘युटिलिटीज’मधून ‘शेअर डिस्क’ निवडायचं. मग ती डिस्क दुसऱ्या मॅकच्या फाइंडरमध्ये ‘नेटवर्क’खाली दिसते. विंडोजला मॅकच्या डिस्कची मांडणी वाचता येत नाही, त्यामुळे इथे दुसरा संगणकही मॅकच हवा.

आत कोणती डिस्क आहे

मॉडेल नंबर लॅपटॉपच्या तळाशी छापलेला असतो. त्यावरून शोधलं तर आत काय आहे ते झाकण उघडण्याआधीच कळतं. साधारण तीन प्रकार भेटतात.

पहिला, अडीच इंची डिस्क. हार्ड डिस्क असो वा एसएसडी, जाडी 7 किंवा 9.5 मिलिमीटर आणि कनेक्टर साटा. तिला साटा ते यूएसबी अशी साधी केबल किंवा केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीला लावायची डबी) पुरते. इथे एक गोष्ट हमखास दगा देते ती म्हणजे वीज. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला सुरुवातीच्या काही सेकंदांत सुमारे 1 अँपिअर लागू शकतो. तेवढा मिळाला नाही की डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते आणि टिक-टिक आवाज येतो. चांगली डिस्क मेली असं समजून सोडून दिली जाते ती अशी. हब वापरू नये, डेस्कटॉपच्या मागचा पोर्ट घ्यावा, किंवा दोन यूएसबी पिनांची केबल वापरावी. डेस्कटॉप उघडायची तयारी असेल तर आतली साटा आणि पॉवरची केबल थेट लावणं सगळ्यात भरवशाचं.

दुसरा, एम.2 एसएसडी: च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी, 22 मिलिमीटर रुंद आणि बहुधा 80 लांब, म्हणून तिच्यावर 2280 लिहिलेलं असतं. छोट्या यंत्रांत 2242 आणि 2230 सुद्धा असतात. दिसायला सारख्या असल्या तरी काही पट्ट्या साटा बोलतात आणि काही एनव्हीएमई, आणि एकीचं केसिंग दुसरीला चालत नाही. पिनांमध्ये दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, दोन खाचांच्या काही एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्या आहेत, तेव्हा लेबल वाचणं उत्तम. दोन्ही चालवणारं केसिंग घेतलं की हा घोळच मिटतो. लेबलवर ‘इंटेल ऑप्टेन एच10’ दिसलं तर तिथे एकाच पट्टीवर दोन वेगळ्या डिस्क असतात आणि साध्या केसिंगमध्ये दोन्ही मिळून नीट दिसत नाहीत. ती तशाच दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावावी लागते.

तिसरा प्रकार ईएमएमसी. स्वस्त, हलक्या लॅपटॉपमधली 32 किंवा 64 जीबीची, बोर्डालाच झाळलेली चिप. ती घरी निघत नाही.

काढताना

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा. खालच्या झाकणाला बहुतेक वेळा बारीक फिलिप्स स्क्रू असतात, शून्य किंवा दुहेरी शून्य मापाचे; मॅकबुकला पाच पाकळ्यांचे. सगळे स्क्रू काढूनही झाकण एका कोपऱ्यात हटून बसलं असेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली किंवा एखाद्या स्टिकरखाली एक स्क्रू लपलेला असणार. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्ड फोडून वर येतो, म्हणून कागदावर झाकणाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावावा.

झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर बोर्डापासून सोडवायचा, प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा नखाने. धातूचं काही वापरायचं नाही. बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली तर तिला टोचलं वा दाबलं जाणार नाही एवढंच पाहून काम थांबवा आणि जाणकाराकडे द्या.

एम.2 पट्टीचा टोकाचा एक स्क्रू काढला की ती आपोआप थोडी वर उचलली जाते. त्याच तिरक्या कोनात सरळ बाहेर ओढायची. अडीच इंची डिस्क धातूच्या चौकटीत बसवलेली असते. चौकटीसह सरकवून कनेक्टरमधून काढायची आणि चौकटीचे चार स्क्रू नंतर सोडवायचे.

जोडल्यावर पहिली पाच मिनिटं

विंडोज काय काय विचारेल ते आधीच माहीत असलेलं बरं, कारण घाईत ओके दाबलं जातं. ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असं आलं तर कॅन्सल. ‘इनिशियलाइझ डिस्क’ आलं तरी कॅन्सल. ‘स्कॅन अँड फिक्स’ सुचवलं तर तेही नको. हा शेवटचा सल्ला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, पण त्यामागे चालणाऱ्या चेकडिस्कचं काम फाइल प्रणाली सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइल्स वाचवणं हे नाही. हिशोब जुळवताना तो न जुळणारे तुकडे उचलून वेगळ्या फोल्डरात टाकतो, नाव-गाव पुसून. आधी कॉपी, दुरुस्ती मागाहून.

डिस्क दिसलीच नाही तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडावं. तिथे पार्टिशन आहे पण ड्राइव्हचं अक्षर नाही, असं असेल तर राइट क्लिक करून अक्षर द्यावं. क्षमता बरोबर आहे पण पार्टिशनच्या जागी ‘रॉ’ (मांडणी ओळखता आली नाही) लिहिलंय, असं असेल तर डेटा परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे धावण्याआधी दुसरी केबल किंवा दुसरं केसिंग लावून पाहा. काही केसिंग डिस्कचे सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) 512 ऐवजी 4096 बाइटचे असल्याचं संगणकाला सांगतात, आणि तेवढ्यानेही चांगली डिस्क रिकामी भासते.

फाइल्स ‘युझर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली असतात. तिथे शिरताना परवानगी नाही असा निरोप येईल; ‘कंटिन्यू’ दाबलं की विंडोज प्रत्येक फाइलची परवानगी बदलत बसतं आणि हिरवी पट्टी रेंगाळते. लाखभर फाइल्स असतील तर वेळ लागतो, मध्येच केबल ओढू नये. हे बदल डिस्कवर लिहिले जातात. त्यामुळे डिस्कच्या तब्येतीबद्दल जराही शंका असेल तर हे काम लिनक्सवरूनच करावं.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स रिकामे दिसले तर घाबरण्याआधी वनड्राइव्हचा फोल्डर पाहा. बऱ्याच यंत्रांत डेस्कटॉप त्याच्या आत हलवलेला असतो. तिथल्या काही फाइल्सची फक्त नावं डिस्कवर असतात आणि मजकूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर. त्या कॉपी करताना त्रुटी येते. त्या खात्यात लॉगिन करूनच उतरवाव्या लागतात. आउटलुकचे जुने मेल पीएसटी फाइलमध्ये, बहुधा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरात. क्रोमचे बुकमार्क लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात सापडतात. साठवलेले पासवर्ड मात्र नुसता तो फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर चालत नाहीत.

थोड्या फाइल्स असतील तर माउसने ओढून न्याव्यात. शेकडो जीबी असतील तर विंडोजमधलंच रोबोकॉपी बरं, कारण ते मध्ये तुटलं तरी पुन्हा चालवल्यावर राहिलेलंच उचलतं. त्यात दोन गोष्टी हाताने बदलाव्या लागतात. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते मुळात 10 लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी 30 सेकंद थांबून, म्हणजे व्यवहारात कायमचं अडकतं. आर (किती प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबायचं) हे दोन्ही पर्याय 1 वर आणावेत. शिवाय एक्सजे हा पर्याय द्यावा. नाहीतर जुन्या नावांचे आरशासारखे फोल्डर एकमेकांत शिरून कॉपी गोल गोल फिरत राहते.

वेळेचा अंदाज असा: यूएसबी 2 वर सेकंदाला 35 एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे 200 जीबीला दीड तासाहून थोडं जास्त. यूएसबी 3 वर जुनी हार्ड डिस्क 100 एमबीचा वेग देते आणि तेच काम पाऊण तासाच्या आत होतं. बारीक फाइल्स जास्त असतील तर दोन्ही आकडे वाढतात. ज्या डिस्कवर घेताय ती फॅट32 या जुन्या मांडणीची नसावी. तिच्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. झाल्यावर दोन्हीकडचा एकूण आकार आणि फाइल्सची संख्या ताडावी, आणि सगळ्यात मोठे काही व्हिडिओ व जुन्या एक्सेल फाइल्स प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

डिस्कच दुखावली असेल तर

डिस्क दिसते, पण फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी शून्यावर येऊन अडते: ही खराब सेक्टरांची लक्षणं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवतं, अर्थात केसिंगने ती पुढे पाठवली तर. त्यातल्या 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी पाहायच्या. सी5 म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर. तिथे शून्यापेक्षा जास्त आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर फोल्डर चाळत बसायची चैन परवडणारी नाही.

अशा डिस्कवर फाइल-फाइल कॉपी करणं चुकीचं, कारण वाचनाचं डोकं सारखं इकडून तिकडे धावतं आणि प्रत्येक खराब जागी डिस्क हट्टाने प्रयत्न करत राहते. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू नेमकं उलटं करतं: पहिल्या फेरीत सोपं तेवढं सगळं उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि अवघड भाग शेवटी खरवडतं. काय झालं, काय राहिलं याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये बंद करून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालवता येतं. मॅपफाइलचं नाव न देता चालवलं तर ही सोय गेली. प्रत घ्यायला मूळ डिस्कपेक्षा मोठी जागा लागते. 500 जीबीची डिस्क अर्धी रिकामी असली तरी प्रत 500 जीबीचीच होते. आणि कमांड लिहिताना कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर चांगली रिकामी डिस्क जुन्या डिस्कवर ओतली जाते. एंटरआधी दोन्हींचा मॉडेल नंबर आणि क्षमता वाचून घ्यावी. पुढचे सगळे प्रयोग, डेटा परत मिळवणारं टेस्टडिस्क असो वा फोटोरेक, त्या प्रतीवरच करायचे. फोटोरेक फाइल्स शोधून देतं पण त्यांची नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, तेव्हा ते शेवटचं हत्यार.

भरपूर वीज देऊनही टकटक येत असेल, किंवा खरवडल्यासारखा आवाज असेल, तर वाचनाचं डोकं निकामी झालंय. ते फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. खाली टेकलं की डेटाचा थरच खरवडतं. 5400 आरपीएमची तबकडी सेकंदाला 90 फेऱ्या मारते, तेव्हा ‘एकदाच सुरू करून बघू’ म्हणजे किती ओरखडे ते लक्षात येईल. डिस्क घरी उघडू नये. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला ऐकू नये: आत दव जमतं आणि बिघाड वाढतो.

पाणी किंवा चहा सांडला असेल तर लॅपटॉप चालू करून पाहू नका, बॅटरी सोडवा. एम.2 पट्टी ओली झाली असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने पुसून, पूर्ण वाळवून मग केसिंगमध्ये घालता येते. हार्ड डिस्कला हवा खेळती राहण्यासाठी बारीक छिद्र असतं, पाणी आत गेलं तर त्यातूनच; ती वीज न देता थेट लॅबकडे जाते. एसएसडीवरून चुकून डिलीट केलेल्या फाइल्सची आशा मात्र फार धरू नये. ट्रिम नावाची आज्ञा त्या जागा थोड्याच वेळात रिकाम्या करून टाकते.

लॅबला देताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती बबलची गुंडाळी करून पक्क्या खोक्यात द्यावी. सोबत काय झालं, त्यानंतर किती वेळा सुरू केली, कोणतं सॉफ्टवेअर चालवलं आणि कोणते फोल्डर आधी हवेत, हे कागदावर लिहून द्यावं. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर रिकव्हरी की द्यावी, आणि की नसेल तर लॅपटॉपचा मूळ मदरबोर्डही त्याच खोक्यात.